तुमचा पुठ्ठा, आमचा कागद

कोउवोला, फिनलंड
११ जानेवारी २०१०

चि. इर्यास अनेक आशीर्वाद.

गेल्या वर्षीच्या कागद-पुठ्ठ्याच्या निर्यातीचे आकडे आले गं बाई. आमची निर्यात धाडकन खाली आली, तुमची जेमतेम हलली. ऐंशी साली दोन्ही देश खांद्याला खांदा लावून होते, मग आम्ही पुढे गेलो आणि मी तुला किती चिडवलं! ज्या देशाचं वर्ष वाईट, त्या बहिणीने कॉफी पाठवायची, असं ठरलंय. पाकीट धाडलंय.

जगाने वर्तमानपत्रं वाचणं सोडलं, पण दूध, औषधं नि बूट खोक्यातच लागतात. तुमच्या पुठ्ठ्याला मरण नाही. आमच्या गिरणीचं कागदाचं यंत्र जूनमध्ये थांबणार. माझ्या तेइयाची नोकरी गेली. माझी तर निवृत्तीच आली आहे, मला काय त्याचं!

आता खरं बोलते. काल तेइयाला तुझ्या पुठ्ठ्याच्या गिरणीचं नेमणूकपत्र आलं. तूच शब्द टाकलास ना? मी ते फाडलं. प्रयोगशाळेत कागद फाडून त्याची ताकद तपासण्यात तीस वर्षं काढलेली मी, रागातही हात सवयीने आधी उभं, मग आडवं फाडू लागले. आडवं फाटेना. तुमचा इतका चिवट कागद पाहून माझा आणखीच जळफळाट झाला. तेइया हसत सुटली आणि तुकडे चिकटवायला बसली.

धंदा घेतलात, घ्या. माझी एकुलती एक लेकही हवी? एक तारखेच्या आत तिला होकार कळवायचा आहे. त्याआधी तूच ती नोकरी रद्द करायला लाव.

रागावले आहे, तरी लोभ आटलेला नाही.
हिल्क्काताई

कार्लस्टाड, स्वीडन
१८ जानेवारी २०१०

ती. हिल्क्काताईस सा. न. वि. वि.

कॉफी पोचली. होय, शब्द मीच टाकला आणि तो मागे घेणार नाही.

तू आठवडाभर जळलीस, मी इकडे आल्यापासून चाळीस वर्षं जळते आहे. आईचं आजारपण तू काढलंस, शेवटचं पाणी तू पाजलंस. मी बोटीतून उतरले ती थेट दफनाला. शेजारणी तुला मिठी मारत होत्या आणि मला विचारत होत्या, तुम्ही कोण?

बेंग्ट माझ्यासाठी आपली भाषा शिकला होता; नवरा गेल्यापासून या घरात ती कुणाला येत नाही. मुलं विसरली, नातवंडं शिकलीच नाहीत. तुझं पत्र वाचून मी एकटीच खो खो हसते. नातू विचारतो काय झालं, आणि त्याला समजावून सांगेपर्यंत त्यातली गंमत मरून जाते. गिरणीला तेइया हवी आहे हे खरंच, पण त्याआधी मला हवी आहे. हावरट म्हण, चालेल.

धाकटीवर माया असू द्यावी, ही विनंती.
इर्या

कोउवोला
२५ जानेवारी २०१०

चि. इर्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस तेइयावर धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी तिचे लोकरीचे मोजे स्वतः बांधून दिले.

तिने चिकटवलेल्या नेमणूकपत्रावरच सही करून होकार पाठवला आहे, तुमचे साहेब हसले तर हसू देत. बुधवारच्या बोटीने निघेल. सकाळी तिच्याशी बोलायला जाऊ नकोस, खेकसते. राय धान्याची भाकरी तिला कडक झालेलीच आवडते.

तिच्यावर माया कर, इर्या. पण माझ्यापेक्षा थोडी कमीच कर.

अजूनही जळणारी,
हिल्क्काताई