वर्षभर काय करायचं नाही

ग्वाल्हेर
रविवार, १२ एप्रिल, दुपारचे सव्वाचार

प्रिय आत्या,

दौलतगंजातल्या प्रेसमध्ये बसलो आहे. समोर एका लग्नपत्रिकेचं प्रूफ आहे. नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव तीनदा वाचलं, तरी डोक्यात शिरेना. शेवटी ते बाजूला ठेवून हा कागद घेतला. उद्या माझी तोंडी परीक्षा आहे. बी.कॉम. पहिलं वर्ष, प्रोजेक्टचा व्हायवा. त्याआधी तुला एक विचारायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

तू गेलीस त्याला अजून वर्ष झालेलं नाही. अग्नी मी दिला. मग या वर्षात मी काय करायचं आणि काय करायचं नाही?

हसतेस ना! आपल्या लष्कर भागातली निम्मी मराठी घरं हेच तुला फोन करून विचारायची. "आत्याबाई, फराळ करायचा का?" "मुंज पुढे ढकलावी का हो?" तू भाजी चिरता चिरता, फोन खांद्याशी धरून निकाल द्यायचीस. सगळ्यांचे निकाल दिलेस, तुझ्या स्वतःच्या वेळचा तेवढा सांगून गेली नाहीस. असं करतं का कुणी?

फॉर्म भरायला तूच ओढत नेलं होतंस, फूलबागेजवळच्या सायबर कॅफेत. मी अकरावी अर्धी टाकून प्रेसला लागलेला, बारावी ओपन बोर्डातून काढलेली. "चोवीस वर्षांचा घोडा झालोय, आत्या," मी म्हटलं. तू म्हणालीस, "मग बरोबर आहे. कॉलेजात घोडेच पाठवतात, गाढवं नाही." तो कॅफेवाला मराठी कळत नसूनही हसला! पहिल्या दिवशी फाटकापर्यंत सोडायला येते, असंही म्हणाली होतीस. आणि वर्ग सुरू व्हायच्या आतच गेलीस. त्याचा राग आला तर चालेल का गं?

त्या दिवशी काय झालं ते तुला सांगायचंच राहिलं. डोक्यावर नुकते केस उगवत होते. तू आणलेला पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. वर्गाच्या दारात उभा राहिलो तर सगळा वर्ग उठला. "गुड मॉर्निंग, सर!" मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग एक मुलगा ओरडला, "अरे, ये तो अपना ही बंदा है! बैठ जाओ, सरजी." तेव्हापासून मी सरजी.

वाईट नाहीत ती पोरं. अठरा-एकोणीस वर्षांची आहेत. अर्ज लिहिला की माझ्याकडे घेऊन येतात, "सरजी, मात्रा देख दो." ते मी करतो. पण कुणी म्हटलं, "सरजी, आप ही बोल दो," की घसा बंद! प्रेसमध्ये तीनदा वाचल्याशिवाय मी काही छापायला सोडत नाही. बोलताना तो वेळ कुठून आणायचा?

फ्रेशर्सच्या दिवशी स्टेजवर जाऊन आपली ओळख करून द्यायची होती. मी मॅडमना म्हटलं, "घर में गमी हुई है. हमारे यहाँ साल भर ये सब नहीं करते." खरंच होतं ते. मॅडमचा चेहरा मऊ झाला. "कोई बात नहीं, बेटा."

मग ग्रुप डिस्कशन आलं. मी तेच वाक्य म्हटलं. मग सेमिनार. तेच वाक्य. मागच्या महिन्यात व्हायवाची तारीख लागली तेव्हाही मी तोंड उघडलं, पण मॅडमच आधी बोलल्या.

"बेटा, पढ़ाई भी साल भर बाद करोगे?"

सगळा वर्ग हसला. गौरी सोडून. ती वर्गातली दुसरी मराठी, तिचे आजोबा फौजेत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "काहीही सांगतो तू! आजोबा गेले तर मी पंधराव्या दिवशी पेपर दिला. सुतक तेरा दिवसांचं असतं. वर्षभराचं जे असतं ना, ते सणावारांचं. मॅडमला माहीत नाही, मला तर आहे."

"माझ्या आत्याला तू ओळखत नव्हतीस," मी म्हटलं.

"नव्हते. पण तू तिच्यामागे लपून बसलाय, हे दिसतंय की."

मला इतका राग आला! घरी येईपर्यंत उतरला नाही. घरी आल्यावर झोप उडाली.

व्हायवा दिला नाही तर प्रोजेक्टचे मार्क नाहीत, आणि ते नाहीत तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर मी परत जाणार नाही. मी मला ओळखतो. प्रेस आहेच. फाइल तयार आहे, विषयही आपलाच आहे, लग्नपत्रिकांचा धंदा. तिच्यात एक चूक सापडायची नाही. पण मॅडम फाइल मिटून ठेवतील आणि म्हणतील, "हाँ, बताओ." तेव्हा?

थांब. फोन वाजतोय. तुझा. मी तो बंद केलेला नाही, रोज चार्ज करतो.

आलो. हजिरा भागातल्या एक बाई होत्या.

"आत्याबाई का?"

"मी त्यांचा भाचा बोलतोय. आत्या गेली, श्रावणात."

"अगंबाई! कळलंच नाही रे कुणाकडून." मग हळूच, "आता विचारू तरी कुणाला?"

मी म्हटलं, "सांगा तर खरं."

संक्रांतीला त्यांचे सासरे गेले. मुलीला मुरारच्या शाळेत नोकरी लागली आहे. जायला स्कूटी हवी, आणि जाऊबाई म्हणतात, वर्षात नवी गाडी दारात नको.

"कामाला जायला हवी ना? मग घ्या," मी म्हटलं. "आजोबांनी नातीला घरी बसवलं असतं का? पूजा, हार, पेढे तेवढे करू नका. आणि जाऊबाईंना म्हणावं, वाटल्यास मला फोन करा."

आत्या, हे मी बोललो! एकदाही न अडकता. मशीनवरचा कल्लूभाई मान वळवून म्हणाला, "क्या भैया, आज तो डाँट रहे हो किसी को!"

बाईंनी विचारलं, "तू काय करतोस, बाळा?"

"कॉलेजात आहे. पहिल्या वर्षाला."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्याच्या मुलीला एका मिनिटात परवानगी दिली, आणि स्वतःला आठ महिने दिली नाही. तू असतीस तर मला काय म्हणाली असतीस, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं का गं? म्हणूनच मी कुणाला विचारलं नाही का?

भीती गेलेली नाही, खोटं कशाला सांगू. उद्या घसा बंद होईल हे जवळजवळ नक्की आहे.

पण एवढं वचन देतो. पाडव्याला गुढी उभारली नाही, अक्षय्य तृतीयेलाही घरात गोड करणार नाही. तुझं वर्ष श्रावणापर्यंत नीट पाळीन. कॉलेजात मात्र तुझं नाव पुढे करणार नाही. उद्या मॅडमनी पुकारलं की उठेन. अडखळलो तर पाणी पिईन आणि पुढचं वाक्य बोलेन. पोरं हसली तर हसू देत. मी बसणार नाही.

तुझा,
निखिल