नदीवरची ओढणी

बाबा, आधी काय घडलं ते लिहिते, मग माझं म्हणणं.

१. बोरिवलीच्या आमच्या मंडळाने गेल्या रविवारी नवशिक्या मुलींना कयाक, म्हणजे एकट्याने आत बसायची अरुंद होडी, वल्हवायला बदलापूरजवळ नदीवर नेलं. कपडे आणि सामान ठरवायचं काम माझ्याकडे होतं.
२. एका मुलीची कयाक उलटली. कयाक उलटतेच, तिच्यातून बाहेर यायला आधी शिकवलं होतं.
३. तिला बाहेर येता आलं नाही. ओढणीचं टोक आतल्या बोल्टला अडकलं होतं.
४. मी पाण्यात शिरून ओढणी कापली. मुलगी सुखरूप आहे.
५. मंडळाने मुलींची तुकडी बंद केली.

ओढणी मी सांगितली नव्हती. मी अंधेरीला कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओलं सुती कापड पायांना लपेटतं आणि काठावर चढताना जड होतं, म्हणून मी नायलॉनची अर्धी पँट, अंगाबरोबरचा टेरिलिनचा शर्ट आणि नाड्या आत खोचलेले कॅनव्हासचे बूट सांगितले होते. तरंगायच्या जॅकेटचे पट्टे बांधल्यावर ते खांद्यांना धरून वर ओढून बघायचं. हनुवटीपर्यंत आलं तर आणखी आवळायचं. मंडळाचे चिटणीस हसले. "मॅडम, अर्ध्या पँटीत आईबाप पाठवतील का पोरींना? पंजाबी ड्रेस, आणि ओढणी हवीच." वर जॅकेट आहे, मग ओढणीने झाकायचं काय, असं मी विचारलं. वाऱ्याने उडू नये म्हणून आयांनी ती दोन्ही खांद्यांना पिना लावून पाठवली. पिना नसत्या तर ओढणी निसटली असती.

सभेत तेच चिटणीस म्हणतात, "बघितलंत ना? मुलींचं काम नाही हे." ओढणीचं नाव कुणी काढत नाही. ती मुलगी मात्र दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली. "ताई, वाट लागली होती ना माझी! पण परत कधी जायचं?"

तुम्ही वेगळं काय केलंत? आठवा, मी लहान आहे, मे महिना आहे, गावच्या खाडीत तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे आहात आणि मी फ्रॉक घालून काठावर. "गो बाय, फ्रॉक कित्याक व्हयो? काढ तो आणि ये." गिरणीतून रजेवर येताना तुम्ही माझ्यासाठी पोहायची निळी चड्डी आणली होती, मुलग्यांची, नाडीची. ती घालून मी खाडी ओलांडली. पुढच्या वर्षी आत्या एवढंच म्हणाली, "पोरगी मोठी झाली हां," आणि तुम्ही चड्डी ट्रंकेत टाकलीत. "आता पुरे." मी कारण विचारलं. तुम्ही विडी पेटवलीत. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात आणि कारण राहूनच गेलं.

येत्या रविवारी मी मुलींना माझ्या जबाबदारीवर नेते आहे, मी सांगितलेल्या कपड्यांत. बाकीच्या आया हो म्हणाल्या. त्या मुलीच्या आईने विचारलं, "खरं सांग, तुझे वडील असते तर त्यांनी तुला असं पाठवलं असतं?" मुलीला पाठवायचं की नाही, ते ती माझ्या उत्तरावर ठरवणार आहे. शनिवारी सांगते, म्हटलं.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून पाकीट आणलेलं नाही. सगळ्यांना वाटतं माझा राग मंडळावर आहे. शनिवारपर्यंत उत्तर द्या.