पाच वर्षांच्या हाताला झेपेल असा माऊस

मुल्गा टँक,
नोव्हेंबर, टपालगाडीच्या आदला दिवस

ती. मर्लताईस,

धाकट्या कीथचा नमस्कार. तुझा गुडघा आता वळतो का, आणि अ‍ॅडिलेडचं ऊन इथल्यासारखंच भाजतंय की समुद्र तुमच्यावर थोडी दया करतो, ते कळव. मी ठणठणीत आहे. मेंढ्याही ठणठणीत आहेत. आमचा स्पॅनर कुत्रा मात्र दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता, पण त्याचं कारण पुढे येईलच. (तू पत्रं शेवटून वाचायला घेतेस हे मला ठाऊक आहे. या खेपेस कृपा कर आणि वरून वाच.)

पत्र लिहायचं कारण माऊस, कॉम्प्युटरचा. आमची जनीन लेकीला, पिपाला, घेऊन जानेवारीअखेर इथे राहायला आली, तर पोरीची शाळा घरातूनच सुरू होईल. आपण रेडिओपुढे बसून शिकलो (तू शिकलीस, मी खिडकीतून पळालो), आता तीच शाळा छपरावरच्या तबकडीतून कॉम्प्युटरवर येते. मी शाळेकडून माहिती मागवली, तर कागदाच्या तळाशी लिहिलेलं, ‘लहान हाताला झेपेल असा माऊस किंवा ट्रॅकबॉल.’ बाकी सगळं शाळा देते, तेवढं आपण बघायचं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की पोर इथे रमेल की नाही ते या एका वस्तूवर आहे. पहिल्याच दिवशी हात दुखला तर ती म्हणणार, आई, घरी चल. की मग पुन्हा मी, स्पॅनर आणि पवनचक्कीची करकर. दोन वर्षं झाली माझी ईनिड जाऊन, ताई, आणि हल्ली मी त्या पवनचक्कीला उत्तरं द्यायला लागलोय. तेव्हा माऊसच्या बाबतीत हयगय करायची नाही असं ठरवलं. (दोघी येणार हे जवळपास नक्की आहे. माझ्या बाजूने तर पूर्णच.)

सरावासाठी एक जुना कॉम्प्युटर आणवला. त्याच्याबरोबर आलेल्या माऊसने तिसऱ्या दिवशी मान टाकली, पडद्यावरचा बाण जागचा हलेना. उलटा करून पाहिला तर पोटात एक रबरी गोळी, तिला टेकलेले दोन बारीक रूळ, आणि सगळीकडे आपली लाल धूळ. आता चाळीस वर्षं पवनचक्क्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला फिरणारी वस्तू अडली की काय करायचं हे सांगावं लागत नाही. मी ग्रीस लावलं. (भरपूर लावलं. ईनिड असती तर म्हणाली असती, “कीथ, हात लावलाच पाहिजे का?” ती नाही, म्हणून लावला.) गोळी झकास फिरायला लागली, पण बाण होता तिथेच. टेबलावर मात्र काळ्या रेघांचा नकाशा उमटला, आणि त्यावर मी पाव ठेवल्यामुळे पावावरही. गोळी पुसायला म्हणून पायरीवर ठेवली, ती ग्रीसच्या वासाने स्पॅनरने गिळली. मंगळवारी ती सुखरूप बाहेर आली. आता तो जेवतो.

मग कॅटलॉगमधून दोन नवे मागवले. एक मुलांचा छोटा माऊस, लाल ठिपकेदार किड्यासारखा. दुसरा ट्रॅकबॉल, म्हणजे वस्तू जागेवर बसून राहते आणि वरचा संत्र्याएवढा पिवळा चेंडू तळहाताने फिरवायचा. पण मापाशिवाय निवड कशी करायची? माझा हात म्हणजे फावडं. म्हणून जनीनला फोन केला आणि म्हटलं, पिपाचा हात कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि पाठवून दे.

“कशाला, बाबा?”

“हातमोजे.”

“नोव्हेंबरच्या उन्हाळ्यात?”

“पुढच्या हिवाळ्यासाठी.”

“आणि विणणार कोण?”

“मी.”

तिने हातमोज्यांचा विषय सोडला. मग म्हणाली, “बाबा, जेवता ना नीट?”

कागद आला. त्यावरून मी खोगिराच्या चामड्याचा एक हात कापला, आत लोकर भरून शिवला, आणि मनगटाला धरून माऊसवर ठेवून पाहत बसलो. एवढ्यात टपालगाडीवाला बार्नी दारात उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं, चामड्याच्या हाताकडे पाहिलं, टोपी काढली आणि हळूच म्हणाला, “कीथ, गावात येत जा रे अधूनमधून. माणसांत ये.” समजावून सांगायला लागलो, पण मी जेवढं समजावत गेलो तेवढी त्याने टोपी छातीशी घट्ट धरली. तो हात मी अजून टेबलावरून उचललेला नाही. जेवताना समोर असतो. सांगायला लाज वाटते, पण बरं वाटतं.

चामड्याला मत नसतं म्हणून शेवटी सत्तर किलोमीटर गाडी हाणून शेजारच्या हेफर्ननांकडे गेलो. त्यांची ब्रायडी पिपाच्याच वयाची आणि मतांना तर तोटाच नाही. माझ्या हातातला ठिपकेदार माऊस पाहून म्हणाली, “आजोबा, एवढं घट्ट काय धरलंय? तो काय पळून जातोय?” तिने तो घेतला आणि सरकवत सरकवत काठापर्यंत नेला. “टेबल संपलं. आता कुठे जाऊ?” मी म्हटलं, उचल आणि परत मध्ये ठेव. तिने उचलला आणि माझ्या चहात पाडला. त्याचं बटणही इतकं कडक की तिला दोन्ही अंगठे लावावे लागत होते. मग ट्रॅकबॉल ठेवला. तिने त्यावर पंजा टेकवला, फिरवला आणि जाहीर केलं, “हा बरा आहे. हा कुठे जात नाही.” आणि त्याच दमात, “तुमची नात कुठाय?”

“येणारे.”

“कधी?”

मी चहा प्यायलो. त्यात माऊस पडून गेलाय हे विसरूनच.

तर ट्रॅकबॉल ठरला, ताई. तुला म्हणून खरं कारण सांगतो. त्या चेंडूवर दोन हात मावतात. पोरीला जमलं नाही तर वरून माझा हात ठेवता येतो. माऊसवर तसं होत नाही, तिचा हात पार चेपून जाईल. ईनिडची शिवणाची खोली पुसून घेतली आहे. तिथे टेबल मांडलं, त्याचे पाय पोरीच्या उंचीला कापले (एक जास्त कापला गेला, मग बाकीचे तीन). हल्ली दुपारी मीच तिथे बसून चेंडू फिरवतो.

गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
कीथ

ता. क. सोबत पिपाच्या हाताचा कागद आहे. त्या मापाचे हातमोजे विणून दे, पिवळे चालतील. एखाददुसरा टाका मुद्दाम चुकव, म्हणजे माझे वाटतील.

ता. क. २. जनीनला यातलं काहीच माहीत नाही. मी तिला अजून विचारलेलंच नाही. ईनिडला पुरून आलो त्या दिवशी ती आपणहून म्हणाली होती, “बाबा, मी आणि पिपा इथेच राहू का?” आणि मी म्हणालो, मला सांभाळायला कुणी नकोय. असंच म्हणालो, याच शब्दांत. पुढे तिने तो विषय काढला नाही. आता मी कोणत्या तोंडाने विचारू? फोन हातात घेतो आणि पावसाचं बोलतो. तू रविवारी तिच्याकडे जेवायला जातेस. तू विचार.

ता. क. ३. नाही म्हणाली तर फोन करू नकोस. पत्रात नुसतं लिही, ट्रॅकबॉल लहान मुलांना जड जातो. मी काय ते समजेन. हो म्हणाली तर मात्र लगेच फोन कर, आणि मला पोचायला वेळ लागला तरी ठेवू नकोस, वाजू दे.