सगळ्यात शेवटी बोलावणं

४ मार्च, सोमवार
माफी असावी. महिना उलटला, एक ओळ लिहिली नाही. चष्म्याची दांडी मोडली होती. शिवाय दवाखान्यात काम फार. फॅमिली प्लॅनिंगला येणाऱ्या बायकांना बाकावर बसवणं आणि नंबर पुकारणं ही माझी ड्युटी. आता वरून हुकूम आलाय: तांबी बसवायला, गोळ्या न्यायला जी येईल तिला एचआयव्ही तपासणीचं विचारायचं. किती जणींना आहे ते वरच्यांना बघायचंय. बायकांना समजावून सांगणाऱ्या कौन्सिलर ताई म्हणाल्या, शंभरात एखाद-दुसरी निघतेच. आमच्या गल्लीत घरं चाळीस. म्हणजे आम्ही सुटलो.
निश्चय: आजपासून रोज लिहिणे.

७ मार्च
मध्ये पाठ धरली होती.
बायका रक्त द्यायला तयार नाहीत. नाव काढलं की पिशवी उचलून चालू पडतात. मला युक्ती सुचली. सुनेला तांबी बसवायचीच आहे. (माझा विरोध होता. घरात माझं ऐकतो कोण?) तिलाच सगळ्यांसमोर तपासणीला पहिली बसवतो. सून म्हणाली, मामंजी, मी नंतर बघते. मी म्हटलं, भ्यायचं काय त्यात? चिरंजीव ट्रकवर महिना-महिना बाहेर असतात खरे, पण सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. ती खाली बघत आत गेली. लाजली असावी.

८ मार्च
युक्ती फत्ते. ताईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, तुमची स्वतःची इच्छा आहे ना? तिने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मागोमाग बाकावरच्या रक्त द्यायला उठल्या. ताई म्हणाल्या, काका, तुम्ही पुढारीच व्हायचं. घरी बायकोला दोनदा सांगितलं. ही म्हणाली, आता तिसऱ्यांदा नको, भाजी करपतेय.

१२ मार्च
रिपोर्टांचा दिवस. ताईंची एक रीत आहे. ठीक असणाऱ्यांना झटपट सोडतात. जिचा रिपोर्ट वाईट, तिला सगळ्यात शेवटी आत घेतात. बाहेर कुणी नसतं, बाईला पोटभर रडता येतं. बायकांना हे माहीत नाही. मला आहे.
सुनेचा नंबर पहिला. पुकारायला तोंड उघडलं तर ताई म्हणाल्या, त्यांना जरा राहू द्या.
बरोबरच आहे. घरचं माणूस मागे, पाहुणे आधी.
बाक रिकामा झाला, मग ती आत गेली. बराच वेळ लागला. दोघी एका वयाच्या, गप्पा रंगल्या असतील.

१३ मार्च
सून जेवली नाही, नात छकुलीला भरवून तशीच उठली. उष्णता झाली असणार. ताईंना खोदून विचारलं. म्हणाल्या, मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, मी स्टाफ आहे. म्हणाल्या, मग स्टाफसारखं वागा, काका, आणि तिला दोन घास खायला घाला.
बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. मागे तिने दात काढला होता, तिथली सुईही असू शकते.

१५ मार्च
आज तिने सांगितलं. ही शेजारी गेली होती. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता सून म्हणाली, "मामंजी, माझ्या आयुष्यात त्यांच्याशिवाय दुसरा पुरुष नाही. गोळ्या घेऊन मी जगेन. पण छकुलीला तपासायचंय, आणि त्यांनाही. त्यांना तुम्हीच सांगा."
सांगतो. त्यात काय? माझा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही.

१६ मार्च
फोन लावला. गाडीचा आवाज फार, ऐकू येत नाही म्हणाला. पुन्हा लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तिला माहेरी पाठवा. रागात माणूस बोलतो. उद्या शांत होईल.

१८ मार्च
फोन बंद. बॅटरी उतरली असेल.
हिला सांगितलं. ही रडली नाही. उठली, सुनेचं ताट वाढलं आणि पुढ्यात बसून राहिली.

२१ मार्च
छकुलीचा रिपोर्ट. बाक गच्च भरलेला. सून पोरीला मांडीवर घेऊन कडेला बसलेली. मी ताईंच्या तोंडाकडे बघत उभा. ताई म्हणाल्या, काका, पहिला नंबर छकुलीचाच पुकारा.
मी नंबरांचा कागद उलटसुलट करत राहिलो. सून आपणच उठली.
पोर सुटली. मी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसला. बाकावरची एक जण म्हणाली, बाबा, नंबर पुकारा की, खोळंबलोय आम्ही.

२५ मार्च
फोन बंदच. बॅटरी नाही, मला कळतं.
मोठ्या ऐटीत तिला पहिली बसवली होती मी. पोरा, आता तुझाच नंबर राहिलाय. बाबा रे, तिला माहेरी पाठवणार नाही. तू रागव, येऊ नकोस, पण असशील तिथे रक्त तपासून घे. आणि लवकर कळव.