बुधवार माझ्या हक्काचा

मंगळवार, २ सप्टेंबर. संध्याकाळी ६.३०
लाँड्रीत नोटीस लागली. 'हॉस्पिटलचे काम वाढल्याने उद्या बुधवारी, साप्ताहिक सुट्टी असली तरी, सर्वांनी हजर राहणे सक्तीचे आहे.' खाली सहीच्या जागी नुसतं 'व्यवस्थापन'. माणसाचं नाव नाही.
'सर्वांनी' हा शब्द फसवा आहे. रोख माझ्यावर आहे. पुरावा: नोटीस बरोब्बर माझ्या लॉकरसमोर लावली. मेकॅनिक (त्याला आम्ही 'पाना' म्हणतो) म्हणाला, अहो, बोर्ड नऊ वर्षं तिथंच आहे. पानाला इतकी घाई का, ते सांगायची? लक्षात ठेवलं.
उद्या बाबांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंय. कानातलं मशीन बसवणारे तिथं फक्त बुधवारी येतात. चार वर्षं बाबा आमच्या अर्ध्या बोलण्याला नुसतं हसतायत. आता बास.
निर्णय: उद्या जाणार नाही. काय व्हायचं ते होवो.

बुधवार, ३ सप्टेंबर
सकाळी ६.१०. जाणार नाही.
६.४०. फोन सायलेंटवर टाकला. करू देत किती कॉल करायचेत ते.
७.०५. एकही कॉल नाही. हे वाईट. फोन येत नाही म्हणजे परस्पर काहीतरी लिहून ठेवतायत.
७.२०. गेलो. काम करायला नाही, काय शिजतंय ते बघायला.
संध्याकाळी ५. गरम रोलरमध्ये चादरी घालून घालून हात भाजले. काय शिजतंय ते कळलं नाही, सगळे आपापल्या कामात होते. फारच सहज वागत होते.
बाबा सकाळीच बूट घालून खुर्चीत बसले होते. मी ओरडून सांगितलं, पुढच्या बुधवारी! त्यांना ऐकू आलं, पुढच्या दारी. काठी घेऊन दारात जाऊन उभे राहिले. बायकोने आत आणलं. ती म्हणाली, मी नेते की त्यांना. मी म्हणालो, बाप माझा आहे, मीच नेणार. ती म्हणाली, मग ने. शेवटच्या शब्दात टोमणा होता.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
मोठा शोध! नेमणुकीचं पत्र सापडलं. मिक्सरच्या वॉरंटीच्या पिशवीत होतं. (तिथं कोणी ठेवलं? बायको म्हणते मीच.)
कलम १४: साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम कर्मचाऱ्याच्या लेखी संमतीनेच, त्याबदली त्याच आठवड्यात दुसरी सुट्टी. लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलं. कागद फाटला थोडा.
म्हणजे सक्ती करताच येत नाही. मी लेखी काही दिलेलं नाही. अकरा वर्षं हे माझ्यापासून लपवून ठेवलं, तेही माझ्याच घरात.
कोणाला सांगायचं नाही. वेळ आली की हुकमाचं पान टाकायचं.

रविवार, ७ सप्टेंबर
भाषणाची तालीम केली. सुपरवायझरला आम्ही 'इस्त्री' म्हणतो; माणसाच्या शर्टावर सुरकुती नाही आणि चेहऱ्यावर भाव नाही. इस्त्रीच्या जागी बाबांना बसवलं. मी म्हणालो, साहेब, सुट्टी ही मेहेरबानी नाही, हक्क आहे! बाबांनी मान डोलावली. एकूण बारा वेळा डोलावली. भाषणात दम आहे.
शेवटी बाबांनी विचारलं, म्हणजे या बुधवारी जायचं ना? मी हो म्हणालो. हे मात्र त्यांना नीट ऐकू आलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर
नोटीस पुन्हा. कलम खिशात घालून थेट केबिनमध्ये घुसलो. इस्त्रीने वर बघून विचारलं, बोला? मी म्हणालो, साहेब, एक महत्त्वाचं बोलायचंय. तो म्हणाला, बसा ना. बसा म्हणाला! इथंच मी सावध झालो. उभ्या माणसाला बसवलं की त्याचा जोर जातो, हे त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवत असणार.
मी म्हणालो, वाळवण्याच्या खोलीतला पंखा आवाज करतो.
त्याने डायरीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं?

बुधवार, १० सप्टेंबर
गेलो. पंखा दुरुस्त झालेला. माझं तोंड बंद करण्यासाठी.
बाबांनी बूट घातले होते. बायको माझ्याशी बोलत नाहीये. बदली सुट्टीचंही कोणी नाव काढत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
आता वरच्या पातळीवर. दातदुखीचं कारण सांगून दोन तास आधी सुटलो आणि कामगार कार्यालय गाठलं. खिडकीतल्या क्लार्कने कलम १४ वाचलं. म्हणाला, स्पष्ट आहे की. तुमच्या मर्जीशिवाय बोलवता येत नाही. हा फॉर्म भरा, आम्ही कंपनीला विचारतो.
फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न: तक्रारदाराचे नाव. मी विचारलं, नाव कशाला हवं? तो म्हणाला, अहो, मग तक्रार कोणाची? मी विचारलं, ते तुम्हाला कशाला हवं? मागच्या रांगेतले लोक हसले. ते खरंच रांगेतले होते का, शंका आहे.
क्लार्क म्हणाला, एकट्याला भीती वाटत असेल तर सगळ्यांनी मिळून सह्या करून कंपनीलाच पत्र द्या. बऱ्याचदा तेवढ्यानेही मिटतं.
मला भीती वाटत नाही. फॉर्म घडी करून खिशात ठेवला. योग्य वेळी भरीन.

सोमवार, १५ सप्टेंबर
कुठंतरी पाणी मुरतंय.
जेवणाच्या सुट्टीत घडीताई आल्या. चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर असतात, म्हणून घडीताई. हातात एक पत्र. आम्ही खालील सह्या करणारे कर्मचारी, कलम १४ नुसार, सुट्टीच्या दिवशी काम करण्यास संमती देत नाही, वगैरे.
कलम १४! माझं कलम यांच्याकडे कसं? विचारलं, तर म्हणाल्या, अहो दादा, सगळ्यांच्या नेमणुकीच्या पत्रात तेच आहे. छापील आहे ते.
ठीक. पण शुक्रवारी तो क्लार्क सह्यांचं बोलतो आणि सोमवारी ताई सह्या घेऊन येतात? दोघंही बोलताना 'अहो' म्हणतात. नात्यातले असणार.
कागदाच्या तळाशी एक जागा रिकामी होती. ताई म्हणाल्या, तुमच्यासाठीच ठेवलीय. तुमच्या बाबांचं कानाचं राहिलंय ना? हे यांना कोणी सांगितलं? मी तर जेवताना चार-पाच वेळा बोललो असेन, तेवढंच.
मी म्हणालो, पेन चालत नाहीये. त्यांनी दुसरं दिलं. ते चालत होतं. मी म्हणालो, हात ओले आहेत. त्यांनी नॅपकिन दिला. किती तयारीनिशी आल्या होत्या! शेवटी सांगितलं, उद्या करतो. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी नऊला द्यायचंय, त्याआधी या. जबरदस्ती नाही.
जबरदस्ती नाही, हे मुद्दाम का सांगितलं?
माझा अंदाज: पत्र इस्त्रीनेच लिहून घेतलंय. कोण कोण उलटतंय ते बघायला. सही केली की यादीत नाव गेलं. मी इतका कच्चा नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर
नऊ वाजता सगळे मिळून केबिनमध्ये गेले. पानासुद्धा. मी त्या वेळी बाथरूममध्ये होतो. नऊ पाचला बाहेर आलो, पण ते अजून आतच होते, म्हणून पुन्हा गेलो.
ते बाहेर आल्यावर कोणीच रडत नव्हतं. ताई मला बघून म्हणाल्या, राहिलं ना तुमचं? आवाजात कीव होती. कीव कसली, बाई? उद्या तुमच्यावर गदा आली तर तुमच्या बाजूने उभा राहणारा मी एकटाच उरणार आहे. भाषण तयार आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर
वरून उत्तर यायचंय म्हणून आजचा बुधवार सगळे कामावर. मीही. बाबांनी आज बूट घातले नाहीत. मी निघताना वळूनही बघितलं नाही त्यांनी. बहुतेक मी निघालेलं ऐकू आलं नसेल.

शनिवार, २० सप्टेंबर
नवी नोटीस. 'ज्यांनी लेखी असंमती दिली आहे त्यांची बुधवारची सुट्टी पूर्ववत. झालेल्या तीन बुधवारांची बदली सुट्टी पुढील महिन्यात. ज्यांनी असंमती दिलेली नाही ते स्वेच्छेने काम करण्यास तयार आहेत असे समजण्यात येईल.'
सगळे टाळ्या वाजवत होते. पानाने ताईंना चहा पाजला. भोळी माणसं. बुधवारी घरी राहतील आणि गुरुवारी यांना गेटवर अडवतील, एवढंही कळत नाही.
मी शांत होतो. घरी आल्यावर 'स्वेच्छेने' हा शब्द बायकोला वाचून दाखवला. तिने विचारलं, तू सही केली नाहीस? मी तिला सगळा डाव समजावून सांगितला. ती म्हणाली, बुधवारी बाबांना मी नेतेय. विचारत नव्हती.
मी परवानगी दिली.

मंगळवार, २३ सप्टेंबर
ताईंना गाठून विचारलं, त्या कागदावर अजून जागा आहे का? सहज, माहितीसाठी. म्हणाल्या, तो वर गेला दादा, तुम्ही तुमचा वेगळा अर्ज द्या, दोन ओळी पुरतात. मी सांगते काय लिहायचं.
दोन ओळी लिहिल्या. इस्त्रीच्या केबिनपर्यंत नेल्या. त्याने मला बघताच उठून हात मिळवला. म्हणाला, तुमच्यासारखी माणसं हवीत, वर तुमचं नाव कळवलंय. अशा वेळी अर्ज कसा देणार? माणुसकी असते की नाही?
शिवाय नाव वर गेलंय. कशासाठी गेलंय, ते आधी कळायला हवं.

बुधवार, २४ सप्टेंबर
सकाळी ७. वॉचमनने छोटं दार उघडलं आणि हातात आजच्या कामाची यादी दिली. आत कोणी नाही. विचारलं, साहेब? म्हणाला, साहेबांची पण सुट्टी, त्यांनी पण सही केली होती ना. सगळ्यात वर त्यांचीच आहे म्हणे.
मी वरच्या सह्या वाचल्याच नव्हत्या. खालच्या रिकाम्या जागेकडेच बघत होतो.
९.३०. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलर मशीनला दोन माणसं लागतात. एक पुढून चादर घालतो, दुसरा मागून धरतो. मी पुढून घालतो आणि धावत मागे जातो. निम्म्या चादरी जमिनीवर पडतात. त्या पुन्हा धुवायच्या.
१२.१०. बायकोचा फोन. बाबांच्या कानात मशीन बसलं. त्यांना द्यायला सांगितलं. मी नेहमीसारखं ओरडून म्हणालो, बाबा! ते म्हणाले, ओरडतोस कशाला, बाळा?
चार वर्षांनी त्यांच्याशी साध्या आवाजात बोललो.
ते म्हणाले, तुझ्याबरोबरच्या त्या ताई इथंच भेटल्या. आईला घेऊन आल्यात. सांगत होत्या, आज सगळ्यांना सुट्टी आहे. मग तुला कोणी अडवून ठेवलंय?
मी म्हणालो, बाबा, आवाज नीट येत नाहीये.
ते म्हणाले, मला तर अगदी स्वच्छ येतोय.