हेडमास्तर, काबरी आणि ती नऊ अंडी

प्रिय सुमन,

काबरी खुडूक बसली आहे, अंडी उबवायच्या हट्टाने. रिकाम्या खोक्यात, खाली एकही अंडं नसताना. मंगळवारपासून उठत नाही. कणी टाकली तर खात नाही, हात नेला तर फुगून अंगावर येते. तिचं काहीतरी करायला हवं, आणि ते करण्याआधी तुला एक गोष्ट सांगायला हवी. म्हणून हे पत्र. एरवी मी पत्रं लिहिणारी नव्हे, हे तुला माहीत आहे.

तू गेलीस, तुझ्या फोटोला हार घातला, त्याला आठ महिने झाले. कोंबड्या मीच सांभाळते. हसू नकोस! लालबागला जाऊन कणी आणते, पाणी बदलते, नाकाला पदर लावून खुराडं धुते. आता दोनच उरल्या आहेत, काबरी आणि तांबडी. काळी पावसाळ्यात गेली. तेव्हा तू असायला हवी होतीस. मला नुसतं बघत बसावं लागलं.

तुझी आई गेली, गावच्या घराला कुलूप लागलं, तेव्हा तिथून तू काय आणलंस? भांडं नाही, पाट नाही. आईच्या डालग्यात तीन कोंबड्या आणि मुठीएवढं एक पिल्लू. तेही रात्रभर एसटीत मांडीवर धरून! मी दारातच विचारलं, "हे काय?"

तू म्हणालीस, "माझां म्हायार."

मी म्हटलं, "ते चाळीच्या मागच्या बोळात मावणार का?" किती कोरडं विचारलं मी! आपले नवरे, ते दोन्ही भाऊ, गेल्यावर त्या घरात आपण दोघीच होतो. थोरली जाऊ मी, धाकटी तू. शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि चाळीच्या कमिटीची सेक्रेटरी झाले, त्यामुळे घरातसुद्धा सूचनाफलकावर लिहिल्यासारखं बोलायची. तू ते कसं ऐकून घेतलंस?

मुठीएवढं पिल्लू चार महिन्यांत कोंबडा निघालं. एका सकाळी मागच्या भिंतीवर चढून त्याने अशी बांग दिली की माझ्या हातातलं दूध उतू गेलं. तू टाळ्या वाजवल्यास. छाती पुढे काढून तो कोंबड्यांपुढून चालायचा, म्हणून त्याचं नाव ठेवलंस हेडमास्तर. "तुमच्यासारखोच आसा, जाऊबाय. सगळ्यांका उठवता!" मी हसले नाही. मनात हसले होते. ते तेव्हा दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?

कोंबडा ठेवायचा की नाही, हा वाद मग आपल्यात दोन महिने चालला. माझं म्हणणं सरळ होतं. अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. तो नुसता खातो, ओरडतो, तांबडीच्या पाठीची पिसं उपटतो. मी तुला हे फळ्यावर शिकवल्यासारखं समजावलं. तू तांदूळ निवडता निवडता ऐकलंस आणि म्हणालीस, "अंडी कोणाक होयी, जाऊबाय? कोंबो नसलो तर पिल्लां खंयसून येतली?"

तुला अंडी नकोच होती. आईच्या कोंबड्यांची पिल्लं हवी होती, मग त्यांची पिल्लं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, सुमन. कळलं नाही असं मी दाखवलं.

वरच्या मजल्यावरच्या वर्षाची तक्रार मात्र खोटी नव्हती, हे आजही म्हणते. नर्सची नोकरी, रात्रपाळी करून सकाळी आठला बिचारी आडवी व्हायची. "बाई, पहाटे ओरडला तर ओरडू दे, मी तेव्हा वॉर्डात असते. पण हा साडेआठला सुरू होतो तो बारापर्यंत!" डोळे लाल झाले होते तिचे. चूक माझ्या निर्णयात नव्हती. ती कुठे होती ते सांगते.

कमिटीची मीटिंग आपल्याच दारासमोर व्हरांड्यात भरली. तू सगळ्यांना पाणी देत होतीस. मी ठराव वाचला: "चाळीच्या आवारात कोंबडा पाळता येणार नाही." तू तांब्या घेऊन उभी. आपला कोंबडा जाणार हे तुला असं, परक्यांबरोबर कळलं. आपलं स्वयंपाकघर तिथून पाच पावलांवर होतं. आधी आत येऊन तुला सांगायला मला काय झालं होतं? तू उरलेल्यांना पाणी दिलंस आणि आत गेलीस.

हेडमास्तरला मी माझगावला फिलोमिनाकडे पोचवलं. माझ्या शाळेतली जुनी मैत्रीण, गावठाणात स्वतःचं घर, मागे अंगण, चार कोंबड्या. निदान सुरीखाली नाही दिला, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

आता ती गोष्ट.

कोंबडा गेल्यावर पुढच्या आठवड्यात काबरी खुडूक बसली. तू त्या आठवड्यातली नऊ अंडी जमवून तिच्याखाली ठेवलीस. मी म्हटलं, "अगं, कोंबडाच नाही तर त्यातून काय निघणार?" तू म्हणालीस, "कोंबो गेलो तरी धा-बारा दिस अंड्यांत पिल्लू धरता. आये सांगी." मी चक्क हसले. म्हटलं, "विज्ञान तुझ्या आईला विचारून चालत नाही." वनस्पतिशास्त्राची पदवी माझी! कोंबडीबद्दल मला काय ठाऊक होतं? पण तुझ्यापुढे 'मला ठाऊक नाही' हे शब्द तोंडातून निघायचे नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी तू रेशनच्या रांगेत गेलीस. बिचारी कोंबडी उगाच उपाशी बसली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. नऊच्या नऊ अंडी टोपलीत काढून आणली आणि अंड्याच्या पोळ्यासाठी पहिलं वाटीत फोडलं.

बलकावर लाल जाळी होती. बारीक, केसासारख्या शिरा, आणि मधे एक ठिपका. तो हलत होता, सुमन.

तुझी आई बरोबर होती. बाकीची आठ त्याच क्षणी काबरीखाली परत ठेवली असती तर चाललं असतं. तेवढा वेळ होता. पण मग नववं कुठे गेलं, हे तुला सांगावं लागलं असतं. मी ओट्याशी उभी राहिले. अंडी गार झाली. मग सगळी वर्तमानपत्रात गुंडाळून म्युनिसिपालिटीच्या डब्यात टाकून आले.

तू परत आलीस तेव्हा मी म्हटलं, "फोडून पाहिली. सगळी पोकळ, एकातही जीव नव्हता." तू खोक्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. "तुमी शिकलेल्या. तुमी म्हणतास म्हणजे तसांच असात." मी तुला चहा करून दिला. त्यानंतर तू कधीच अंडी ठेवली नाहीस. कोंबड्या खुडूक बसायच्या आणि तू त्यांना उचलून पाण्यात बुडवायचीस, खूळ उतरावं म्हणून. दरवर्षी हे मी बघत होते. एकदाही तोंड उघडलं नाही.

गुरुवारी फिलोमिनाकडे गेले. काबरीचं काय करावं ते विचारायला. हेडमास्तर आहे अजून! एक नखी तुटली आहे, चाल तीच. मी अंगणात उभी, तोच फिलोमिना म्हणाली, "सुमन नाही तर त्याला गोड लागत नाही बघ. दर संडेला मी चर्चमधून यायची आणि ही पायरीवर बसलेली, मुठीत कणी."

"कुठली सुमन?" मी वेड्यासारखं विचारलं.

"तुझी जाऊ गं! तुला माहीत नव्हतं?"

दर रविवारी तू दादरला भाजीला जायचीस. निदान मला तसं सांगायचीस. आणि मी वर तुला बोलायची, एवढा वेळ लावून आणलीस काय, तर दोन जुड्या मेथी! मला सांगितलं का नाहीस गं? मी अडवलं असतं? असतं बहुतेक.

मग फिलोमिनाने आणखी सांगितलं. तिने तुला म्हटलं होतं, माझ्याकडची अंडी ने, ह्याचीच आहेत, ठेव तुझ्या कोंबडीखाली, कुमुदला काय कळतंय! तू नको म्हणालीस. म्हणालीस, पिल्लं निघाली तर जाऊबाईंना आधीची अंडी आठवतील. "ती जिवंत होती, तिला ठाऊक होतं, कुमुद. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर हसायला लागली. म्हणाली, इतक्या वर्षांत जाऊबाईंनी मला पहिल्यांदा चहा करून दिला, तेव्हाच समजले."

मी तिथे पायरीवर बसले. तुझ्या जागेवर असावी ती.

तू मला एकदा तरी विचारायला हवं होतंस, सुमन! भांडायला हवं होतंस. माझी लाज राखण्यासाठी तू आईची कोंबडी नि कोंबडी पाण्यात बुडवलीस. हे ओझं मी आता कोणापुढे उतरवू?

घरी आल्यावर वर्षाला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, "बाई, आता मला दिवसपाळी आहे. आणा तुमच्या हेडमास्तरला. मी नाही काही बोलणार."

"आणि पुन्हा रात्रपाळी लागली तर?"

"मग बघू."

"मग बघू म्हणजे त्याला पुन्हा टोपलीत घालायचं. नको."

ठराव रद्द करणं माझ्या हातात आहे. दोन दिवस तोच विचार केला. बोळात पुन्हा बांग ऐकू यावी, असं मलाच वाटू लागलं होतं. पण एकदा घालवलेल्या जिवाला माझ्या समाधानासाठी बोलवायचं आणि कोणाची झोप मोडली की पुन्हा घालवायचं, हे मला पटत नाही. कोंबडा चाळीत येणार नाही. कोंबड्याच त्याच्याकडे जातील. उद्या नेते.

बोळ रिकामा होईल. सकाळी दार उघडलं की त्या दोघी पायात येतात, त्याची मला सवय झाली आहे. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

फिलोमिना नऊ अंडी देणार आहे, हेडमास्तरची. म्हणजे बापाकडून का होईना, तुझ्या आईच्याच घरची. एकवीस दिवस मी रोज संध्याकाळी माझगावला जाईन. उजेडात धरून बघणार नाही, हलवून बघणार नाही, फोडणं तर दूरच. पिल्लं निघाली तर तुझ्या पायरीवर बसून तुला सांगेन. नाही निघाली, तर नाही निघाली असंच सांगेन. तुझ्याशी यापुढे खोटं बोलणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
कुमुद
(तुझी जाऊबाई)

रविवार सकाळ. माझगावला फिलोमिनाच्या हाती दिलं ते असं:

काबरी, खुडूक. टॅक्सीत दोनदा चोचली, एकदा मला, एकदा ड्रायव्हरला.
तांबडी. पाठीची पिसं नीट भरून आलेली.
सुमनच्या आईचं डालगं. कड एका बाजूला उसवलेली, सुतळीने मी बांधली आहे.
कणीचा डबा, भरलेला.
काबरीखाली तिथल्या तिथे ठेवलेली अंडी नऊ. सगळी अखंड.