जर्मनीचे पेढे

अण्णा, तुमची पणती जर्मनीला शिकायला चाललीय. पुढच्या महिन्यात विमान. मला इतका आनंद झाला की काल इथे बडोद्यात, समा भागातल्या आमच्या सोसायटीत पेढे वाटत सुटले, गुडघे विसरून. तुमची मुलगी चौथीपर्यंतच शिकली, तेव्हा अक्षराला हसू नका. तुम्ही हे वाचणार नाही, कळतं मला. पण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाहीये.

तुम्ही प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात लागलात तेव्हा आपल्या घरात कुणालाच गुजराती येत नव्हती. म्हणून तुम्ही नियम केलात, बाजारात बोट दाखवून काही घ्यायचं नाही. नाव येत नसेल तर रिकामी पिशवी घेऊन यायचं. मी सातेक वर्षांची. भाजीवालीपुढे उभी राहते, कांद्यांकडे बोट करते, घेऊन येते. तुम्ही नुकते कामावरून आलेले, हात अजून ग्रीसने काळे. "काय म्हणालीस तिला?" काहीच नाही म्हटल्यावर कांदे परत पाठवलेत. त्या भाजीवालीने "डुंगळी बोल, बेटा, डुंगळी" करत माझ्याकडून दहादा वदवून घेतलं. भाजीला उशीर झाला म्हणून आई तुमच्यावर केवढी चिडली होती. ते जाऊ दे.

तर ही पोर. युनिव्हर्सिटीत जर्मन घेतलं त्या पहिल्या वर्षी मी पोळ्या लाटायची आणि ती ओट्याशी उभी राहून मोठ्याने जर्मन बोलायची, चुकायची, स्वतःच हसायची. मला एक अक्षर कळायचं नाही, पण घर भरल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या वर्षी आवाज कमी झाला. तिसऱ्या वर्षी बंदच. विचारलं तर म्हणे, "आजी, आता मोबाइल सगळं लिहून देतो." मार्क मात्र वाढतच गेले. मार्क वाढताना बघून कोण काळजी करतं?

काल तिसऱ्या मजल्यावर पेढे द्यायला गेले, ही सोबत होती. तिथली बाई पूर्वी हिच्याच युनिव्हर्सिटीत जर्मन शिकली, आता तिथेच शिकवते, पण हिला नव्हती शिकवायला. तिने कौतुकाने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. हिचा हात खिशात गेला. मोबाइल घरी राहिलेला. बाई वाट बघत राहिली, मग मराठीत म्हणाली, "सकाळपासून काय काय केलंस, एवढंच विचारलं गं." ही जिन्याकडे गेली. बाई मला हळूच म्हणाली, "हिचं एकटीचं नाही, आजी. आमच्या वेळी निबंध लाल शाईने भरून यायचे, पण वर्गात आम्हाला गप्प बसवावं लागायचं. आता घरून लिहून आणतात ते माझ्यापेक्षा छान असतं. आणि प्रश्न विचारला की सगळे खाली बघतात."

जिन्यात पोरीने माझा हात धरला. "आजी, तिकडे आजारी पडले, रस्ता चुकले, तर काय बोलू मी? पप्पांना सांगू का, एक वर्ष थांबते, नीट बोलायला शिकून जाते?"

मी म्हटलं, "गप. तिकडे गेलीस की येईल आपोआप."

आज सकाळपासून ती बॅग भरतेय. कुणाशी बोलत नाही. तिच्या पप्पांना वाटतं, घर सोडून जायचं म्हणून जीव कासावीस होतोय. मी काही सांगितलेलं नाही.

हे पत्र पिठाच्या डब्याखाली राहील. अण्णा, तिला गप्प केलं ते तिच्या भल्यासाठी नव्हतं. अर्ध्या सोसायटीने पेढे खाल्ले होते आणि अर्धा डबा घेऊन मला अजून पुढच्या बिल्डिंगमध्ये हसत हसत जायचं होतं.